डावीकडचा स्पीकर

३ मार्च, सोमवार

नवी वही, नवा निर्णय. गाडीचा स्टिरिओ सुधारायचा. कारण उघड आहे. डावीकडचा स्पीकर गेला आहे. अगदी बंद नाही, पण उशी तोंडावर धरून गायल्यासारखा आवाज येतो.

हिला विचारलं, तुला फरक जाणवतो का? नाही म्हणाली. जाणवणार कसा? त्याला कान तयार लागतो. मी बावीस वर्षं पंख्यांच्या कारखान्यात फायनल टेस्टिंगला आहे. दोन रांगांत पंखे टांगलेले असतात, मी मधून चालत जातो. एका पंख्याला तीन सेकंद. घरघर ऐकू आली की लाल खूण, नाही आली की हिरवं स्टिकर. मशीन नाही, मीटर नाही. नुसता कान. ज्याच्याशी चालत्या पंख्याचं बेअरिंग बोलतं त्याला गाडीतला एक स्पीकर काय फसवणार?

बजेट: आठ हजार. त्याच्या वर एक छदाम नाही. हिला आकडा सांगायचा नाही.

६ मार्च, गुरुवार

ही घरी पडदे शिवते. दर गुरुवारी तयार पडदे गिऱ्हाइकांकडे पोचवायला आम्ही गाडीने जातो. जाताना चाळीस मिनिटं, येताना चाळीस.

एक गोष्ट लक्षात आली आहे. हल्ली ही गाडीत बोलत नाही. घरात, जेवणाच्या टेबलावर, अगदी व्यवस्थित बोलते, जरा जास्तच बोलते. गाडीत माझ्या डाव्या हाताला बसली की मिठाची गुळणी. काही महिने झाले असतील. काय बिनसलंय कळत नाही. विचारायची हिंमत नाही, कारण यादी निघेल.

हेही स्टिरिओच्या बाजूचंच कारण. निदान शांतता तरी भरून निघेल.

९ मार्च, रविवार

स्पीकरवाल्याकडे गेलो. जिन्याखालचं दुकान, एक माणूस उभा राहिला की दुसऱ्याने बाहेर थांबायचं. त्याने डाव्या दाराला हात लावला, गाणं लावलं, म्हणाला स्पीकर ठणठणीत आहे. मी म्हणालो, परत ऐक. परत ऐकला. परत ठणठणीत.

हल्ली कोणी कामात लक्ष घालत नाही. मी सरळ सांगितलं, नवी जोडी बसव. साडेतीन हजार. दोन तास स्टुलावर बसून काढले.

बसवून झाल्यावर डावीकडून तोच उशीतला आवाज. पण नवा स्पीकर आहे, मोकळा व्हायला वेळ लागतो. स्पीकरवाल्याला तसं सांगितल्यावर तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला हे माहीत नसावं.

१४ मार्च, शुक्रवार

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. गिऱ्हाइकांकडून सात पंखे परत आलेत. घरघर. सातांवर माझं हिरवं स्टिकर.

मी नंबर तपासले आणि जागच्या जागी उलगडा केला. सातही पंखे डाव्या रांगेतले! म्हणजे डाव्या रांगेची जुळणी करणारे निष्काळजी आहेत. तसं लेखी दिलं. साहेबांनी माझा कागद बराच वेळ वाचला. चारच ओळी होत्या.

मग सहज म्हणाले, या वर्षी मेडिकलमध्ये टेस्टिंगवाल्यांच्या कानांचीही तपासणी आहे, २४ एप्रिलला. जे पास होणार नाहीत त्यांना पॅकिंगला पाठवणार.

पॅकिंग म्हणजे पंखा पुठ्ठ्यात घाला, पट्टी लावा. तिथे पंखे फिरत नाहीत. तिथे कोणीही चालतो. बावीस वर्षांनी मला तिथे उभं केलं तर मी घरी काय सांगणार?

पण हा प्रश्नच येत नाही. माझ्यासाठी तपासणी म्हणजे नुसती औपचारिकता.

१६ मार्च, रविवार

वायरचा दोष असणार. जाड तांब्याची वायर टाकली. चौदाशे.

फरक नाही.

मग स्पीकरवाल्याने न विचारता डाव्याचा स्पीकर उजवीकडे लावला, उजव्याचा डावीकडे. आता उजवीकडून छान आवाज, डावीकडून उशी. म्हणजे स्पीकर उजवीकडे गेला की बरा होतो, डावीकडे आला की आजारी पडतो. स्पीकरवाला म्हणाला, साहेब, जरा विचार करा. मी केला. दाराचा दोष आहे. डाव्या दाराच्या आतून रबरी शीट मारून घेतली. नऊशे.

बजेट पाच हजार आठशेवर. अजून हातात आहे.

२० मार्च, गुरुवार

तात्पुरता इलाज. स्टिरिओचा बॅलन्स बराचसा डावीकडे फिरवला आणि आवाज दुप्पट केला. आता दोन्ही बाजू जवळपास सारख्या.

हिने दाराच्या बाजूचा गुडघा आत ओढून घेतला. घरी आल्यावर म्हणाली, फार मोठा आवाज होता हो, डोकं उठलं. मी सांगितलं, कान तयार करावा लागतो, एका दिवसात होत नाही.

पण आज एक चांगली गोष्ट घडली. सिग्नलला उभे होतो. ही माझ्याकडे वळून बसली होती आणि ओठ हलत होते. गुणगुणत असावी. इतक्या महिन्यांनी! उत्साह द्यावा म्हणून मी मान डोलावली. तिने डोळे मोठे केले. ओठ पुन्हा हलले. मी मोठ्याने म्हणालो, हो, हो. तर हिच्या डोळ्यांत चक्क पाणी. माझ्या हातावर हात ठेवला. तो गिअरवर होता, पण तरी.

संगीताने माणूस हळवा होतो हे खरं आहे.

२२ मार्च, शनिवार

दोन दिवस ही अतिशय खुशीत आहे. टेप घेऊन पुढच्या खोलीची भिंत मोजली. माझ्या शर्टाचं सहा महिन्यांपासून तुटलेलं बटण लावून दिलं. एका स्टिरिओने जे केलं ते लग्नाच्या इतक्या वर्षांत मला जमलं नव्हतं. पैसे वसूल.

३० मार्च, रविवार

अॅम्प्लिफायर घेतला. सेकंड हँड, पण दणकट. पाच हजार. बजेट ओलांडलं असं म्हणता येईल. मी म्हणतो बजेट थोडं लवचिक ठेवावं, नाहीतर ते तुटतं.

बसवून झाल्यावर डावीकडे उशी.

स्पीकरवाल्याने हात पुसले. म्हणाला, एक करा, सीटवर उलटे बसा, तोंड मागच्या काचेकडे करून. मी म्हणालो, गाडी अशी कोणी चालवतं का? तो म्हणाला, बसा तर. बसलो. या वयात सीटवर गुडघे टेकून उलटं बसायचं म्हणजे काय ते कंबरेला कळलं. त्याने गाणं लावलं.

मघाशी डाव्या दारातून उशीतला आवाज येत होता. आता त्याच दारातून खणखणीत. आणि उजव्या दारातून उशी.

म्हणजे आता उजवा स्पीकरही गेला.

स्पीकरवाल्याने गाणं बंद केलं. त्याने मजुरी पण घेतली नाही. मला ते आवडलं नाही. माझा स्पीकर खराब आहे, मी खराब नाही.

३१ मार्च, सोमवार

मनगटावरचं घड्याळ उजव्या कानाला लावलं. टिकटिक. डाव्या कानाला लावलं. बंद. परत उजव्या. टिकटिक.

घड्याळाचा सेल बदलून आणला. हल्ली सेल डुप्लिकेट येतात.

नवा सेलही डुप्लिकेट निघाला.

३ एप्रिल, गुरुवार

आज वहीत काही लिहायचं नाही असं ठरवलं आहे.

६ एप्रिल, रविवार

सकाळी एक गृहस्थ गाडी बघायला आला. हिच्या ओळखीचा. माझ्या स्टिरिओची कीर्ती बाहेर गेली तर! त्याला अॅम्प्लिफायर दाखवला, जाड वायर दाखवली, रबरी शीट दाखवता येत नाही पण तिचं वर्णन केलं. त्याने टायरला लाथ मारून बघितली, किती किलोमीटर झाली ते विचारलं, बॉनेट उघडून आत टॉर्च मारला. शेवटी विचारलं, हे सगळं काढता येईल ना? मूळचे स्पीकर आहेत का?

अरसिक माणूस. मी म्हणालो, माळ्यावर आहेत. तो म्हणाला, मग ठीक. ही हसून त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली.

१० एप्रिल, गुरुवार

अकरा पंखे परत. अकराही डाव्या रांगेचे.

साहेबांनी माझ्याबरोबर क्वालिटीची एक मुलगी दिली आहे. तिच्या हातात डबीएवढा मीटर. मी तिला मनात मीटरबाई म्हणतो. मी पुढे, ती मागे. मी हिरवं स्टिकर लावायचं, तिने मीटर धरायचा. सकाळच्या पाळीत माझे चार पास पंखे तिच्या मीटरने नापास केले. मी म्हणालो, मीटरची डावी बाजू तपासून घ्या. ती हसली नाही. खरं तर मलाही हसू आलं नाही. मी पाणी प्यायला गेलो. टाकीपाशी दहा मिनिटं उभा होतो.

दुपारी नवी पद्धत काढली. जाताना फक्त उजवी रांग ऐकायची. टोकाला जाऊन वळायचं. येताना दुसरी रांग आपोआप उजवीकडे येते. चालायचं दुप्पट, पण जुन्या डाव्या रांगेतले नऊ पंखे मी पकडले. मीटरबाईने नऊच्या नऊ तपासले. बरोबर होते! तिने मान हलवली. मला लहान पोरासारखा आनंद झाला.

फक्त तासाला दोनशे चाळीस पंखे व्हायचे ते एकशे वीस झाले. साहेब घड्याळाकडे बघत होते. पद्धत नवी आहे. कानाचा काही संबंध नाही.

१३ एप्रिल, रविवार

सबवूफर. चार हजार दोनशे. एकूण पंधरा हजार. स्पीकरवाला नको नको म्हणत होता. हा जगातला पहिला दुकानदार असेल. पण मी ठरवलंच होतं. बारीक आवाज फसवतात. बेस फसवत नाही, तो पोटात ऐकू येतो. त्याला कान लागत नाही.

(वरचं वाक्य खोडायचं होतं. राहू दे.)

खोक्याने अख्खी डिकी भरली. गुरुवारी पडद्यांचे गठ्ठे हिला मांडीवर घेऊन बसावं लागणार. ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, अहो, आता कशाला हे? मी म्हणालो, आता नाही तर कधी? ती गोंधळली. मीही गोंधळलो, कारण तिचा ‘आता’वर एवढा जोर का होता ते कळलं नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

कळलं.

संध्याकाळी तो टायरला लाथ मारणारा गृहस्थ पुन्हा आला. पाकीट टेबलावर ठेवलं, म्हणाला, ही अर्धी रक्कम, उरलेली गाडी नेताना. मी विचारलं, कुठली गाडी? तो हसला. त्याला वाटलं मी विनोद करतो आहे.

मग हिने त्याला अभिमानाने सगळी हकिगत सांगितली. ती मोठं शिलाई मशीन घेणार आहे. जाड पडद्यांच्या हॉटेलच्या ऑर्डरी येत आहेत, घरच्या मशीनवर ते कापड शिवलं जात नाही. मशीन पुढच्या खोलीत त्या मोजलेल्या भिंतीला लागणार. पैशांसाठी गाडी विकायची. हे मला सांगायला ती चार महिने घाबरत होती. शेवटी एका गुरुवारी सिग्नलला उभे असताना धीर करून विचारलं. दोनदा विचारलं. आणि मी एका शब्दात हो म्हणालो. वर मानही हलवली. काही खुसपट काढलं नाही, आधी हिशोब दाखव म्हणालो नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, म्हणाली, ह्यांनी पहिल्यांदा माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं.

पूर्ण ऐकून घेतलं.

मला तेव्हाच सांगता आलं असतं, की बाई, मला त्यातलं अक्षर ऐकू आलं नव्हतं. एवढं एक वाक्य. गाडी वाचली असती. पण मग का ऐकू आलं नाही तेही सांगावं लागलं असतं. आणि हिच्या चेहऱ्यावर ते जे काही होतं ते मला परत बघायला मिळालं नसतं.

मी गाडीच्या विक्रीच्या कागदावर सही केली.

२३ एप्रिल, बुधवार

उद्या तपासणी. तयारी पूर्ण. पॅकिंगमधला एकजण गेल्या वर्षी दुसऱ्या कंपनीत असताना असल्या तपासणीतून गेला आहे. त्याने सांगितलं, कानांवर हेडफोन लावतात, टूं असा आवाज आला की बटण दाबायचं. आधी उजवा कान, मग डावा.

प्लॅन: उजव्या कानाच्या वेळी आवाजांमधलं अंतर मनात मोजायचं. डाव्याच्या वेळी त्याच अंतराने बटण दाबत राहायचं. बावीस वर्षं तीन-तीन सेकंदांनी पंखे ऐकले आहेत. अंतराच्या बाबतीत मला कोणी हात धरू शकत नाही.

कानात तेल घालावं का? एका ठिकाणी वाचलं घालावं, दुसऱ्या ठिकाणी वाचलं घालू नये. डाव्यात घातलं, उजवा ठेवला.

२४ एप्रिल, गुरुवार

डाव्या कानाची तपासणी करताना मी एकोणीस वेळा बटण दाबलं.

तपासणारी बाई शांतपणे म्हणाली, त्या वेळात मी सहाच आवाज दिले होते, आणि त्यातल्या एकाच्याही वेळी तुमचं बटण दाबलं गेलं नाही.

तिने मला बाहेर बसवलं, चहा दिला. विचारलं, घरी कोणाच्या लक्षात आलं नाही का? मी म्हणालो, माझी बायको गाडीत बोलत नाही. ती म्हणाली, गाडीत ती कुठल्या बाजूला बसते?

मी चहा पिऊन टाकला. गरम होता, तरी.

२५ एप्रिल, शुक्रवार

रिपोर्ट गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला, स्टिरिओच्या बिलांखाली. तिथे कोणी बघत नाही.

सोमवारपासून पॅकिंग. साहेब चांगले वागले. म्हणाले, पगार तोच राहील. मीटरबाईने माझं हिरव्या स्टिकरांचं बंडल मागून घेतलं आणि थोडा वेळ हातात धरून उभी राहिली. म्हणाली, ती वळून परत यायची पद्धत मी लिहून ठेवली आहे. मला वाटलं मी तिथेच रडणार. नाही रडलो. गाडीत येऊन बसलो, काचा लावल्या आणि मग.

हिला अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघून सांगायचं.

२७ एप्रिल, रविवार

सगळं काढायला स्पीकरवाल्याकडे गेलो. सबवूफर, अॅम्प्लिफायर, वायर. माळ्यावरचे मूळचे स्पीकर परत बसवले. त्याने गाणं लावलं. जुन्या स्पीकरचा डावीकडचा आवाज आणि पंधरा हजारांचा डावीकडचा आवाज, मला दोन्ही अगदी सारखे वाटले.

मी त्याला विचारलं, खरं सांग, पहिल्या दिवसापासून स्पीकर चांगले होते? तो म्हणाला, फार चांगले होते, कंपनीचे होते. वाईट वाटून घेऊ नका म्हणाला आणि सामान निम्म्या किमतीत घेतो म्हणाला. सबवूफर मात्र कोणी घेणार नाही.

सबवूफरचं खोकं घरी आणलं. हिने त्यावर उशी ठेवली. मशीनपुढे बसायला नेमकी उंची आहे म्हणते.

४ मे, रविवार

गाडी दिली.

सकाळी हिने गाडी आतून पुसली. पायपुसण्या झटकल्या, कप्पा रिकामा केला. मी अंघोळीला होतो. बाहेर आलो तर बिलं टेबलावर एकावर एक रचलेली. रिपोर्ट वेगळा, घडी उघडलेली. ही आतल्या खोलीत साडी बदलत होती. काही बोलली नाही. या वेळी नक्की बोलली नाही, कारण मी तिच्याकडे उजवा कान करून उभा होतो.

गाडीने त्या गृहस्थाकडे गेलो. ही नेहमीसारखी डावीकडे. मी स्टिरिओ लावला नाही. त्याने उरलेली रक्कम दिली, किल्ली घेतली, गाणं लावून बघितलं आणि म्हणाला, वा, काय छान सेट आहे.

घर लांब नव्हतं, चालत निघालो. पहिल्या वळणावर ही थांबली, माझ्या मागून फिरून आली आणि माझ्या उजव्या हाताला चालायला लागली. थोड्या वेळाने विचारलं, त्या दिवशी सिग्नलला तुम्हाला काही ऐकूच आलं नव्हतं ना?

मी म्हणालो, नाही.

चपलांचं दुकान गेलं, दवाखाना गेला. मग म्हणाली, पैसे परत देऊन गाडी मागायची का? मी म्हणालो, नको. मशीन घे. हे मी ऐकून बोललो. तिने मान हलवली. म्हणाली, पण मी दर गुरुवारी बोलत होते हो. जाताना, येताना. तुम्ही गाडी चालवताना मध्ये काही बोलत नाही, म्हणून मला वाटायचं नीट ऐकताय. घरात कधी बोलले नाही असं खूप काही बोलले.

मी म्हणालो, पहिल्यापासून सांग. आता ऐकतो. रस्ता आहे अजून.

तिने आठवून बघितलं. कोपऱ्यापर्यंत बघितलं. मग म्हणाली, आता काही आठवत नाही. बोलून टाकलं होतं ना.